मोगलीच्या नदीकाठी काय वाचावं?

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनीकडे उगम पावते, बालाघाट-भंडाऱ्यातून खाली येते आणि मग चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. अलीकडच्या काठाला ब्रह्मपुरी, पलीकडच्या काठाला आरमोरी. चपराळ्याच्या रानाजवळ तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याला ती गोदावरीत जाते. एवढं भूगोलाच्या पुस्तकात असतं. मोगली ज्या नदीच्या काठी वाढला ती नदी हीच, हे मात्र त्यात नसतं. रुडयार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं. त्यातलं रान सिवनीचं आणि नदी वैनगंगा. किपलिंग स्वतः सिवनीला कधी गेला नव्हता. दुसऱ्यांनी लिहिलेली वर्णनं समोर ठेवून त्यानं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून ते रान उभं केलं.

आरमोरीच्या शाळेत सातवीत बसलेल्या मुलीला हे सहसा कुणी सांगत नाही. सांगितलं तर ती लगेच विचारील, मग त्या पुस्तकात आम्ही कुठं आहोत? उत्तर जरा अडचणीचं आहे. १८९५च्या दुसऱ्या ‘जंगल बुका’त गोंड येतात. रत्नजडित अंकुशाच्या गोष्टीत एक गोंड शिकारी बाण मारून जातो, आणि मोगलीला दिसतात ती फक्त त्याची लहानशी पावलं. आणखी एका गोष्टीत गावकरी एका गोंड प्रमुखाला बोलावून रानाचा कौल विचारतात. तो एक शब्द बोलत नाही. देवळाच्या दारावर रानकारल्याचा वेल अडकवतो, गाव सोडून जा असं हातानं दाखवतो आणि परत रानात निघून जातो. या दोघांनाही नाव नाही. वाघाला नाव आहे, अस्वलाला आहे, अजगराला आहे. मोगलीचं मोठेपणी काय झालं, हे किपलिंगनं ‘इन द रुख’ या गोष्टीत आधीच, १८९३ साली, लिहून ठेवलं होतं. मोगली वनखात्यात नोकरीला लागतो. वनरक्षकाच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यानं धावणारी पोरं ज्या जिल्ह्यांत रोज दिसतात तिथं हा शेवट वाचताना हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

सहावी ते आठवीच्या मुलांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात याच्या याद्या मराठीत पुष्कळ निघतात. त्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी असतात आणि त्या मुलांसाठी चांगल्याही असतात. त्या याद्यांमधल्या पुस्तकांत रान हे सुट्टीत जायचं ठिकाण असतं. इथल्या मुलाची सुट्टी उलटी चालते. ते शाळेसाठी रान सोडतं आणि सुट्टीत रानात परततं. म्हणून तीच पुस्तकं वैनगंगेच्या काठावर बसून पुन्हा तपासायला हवीत. कोणतं पुस्तक इथं लागू पडतं, कोणतं कुणीतरी सोबत बसूनच वाचायला हवं, आणि कोणतं अजून लिहायचंच राहिलं आहे, ते पाहू.

वाचणारं मूल

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. तालुके बारा. वडसा-आरमोरीकडे झाडीबोली, धानोरा-कुरखेड्याच्या गावांत गोंडी, एटापल्ली-भामरागडला माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या पुनर्वसित गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. चंद्रपूरच्या बाजूला बल्लारपूरची पेपर मिल आणि कोळसा खाणी आहेत. त्यांच्या कामगार वस्त्यांत हिंदी आणि तेलुगू चालते. जिवतीच्या डोंगरावर कोलामांचे गुडे, म्हणजे पाडे, आहेत आणि मराठवाड्यातून येऊन बसलेली कुटुंबं आहेत. शाळेचं पुस्तक मात्र सगळ्यांना एकच.

माडिया मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याला परकी असते. अनेकांचं पुढचं शिक्षण आदिवासी विकास विभागाच्या किंवा संस्थांच्या निवासी आश्रमशाळेत होतं. घर फक्त सुट्टीत. सहावीपर्यंत त्याचं ऐकण्या-बोलण्याचं मराठी बरंच पुढं गेलेलं असतं. वाचण्याचं मागं राहतं. झाडीबोलीच्या मुलाचीही थोडी गंमत होते. त्याच्या घरी ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी. पुस्तकातली मराठी त्याला कळते, पण ती त्याच्या तोंडातली नसते. दोन्ही मुलं गोष्टीला लहान नसतात, अक्षराला लहान असतात. हा फरक ध्यानात न घेता सहावीच्या वर्गाला दुसरीची चित्रांची पुस्तकं वाटली, की मुलं पुस्तक उघडून बघतात आणि ठेवून देतात. अकरा-बारा वर्षांचं मूल मोहफुलं वेचून, बकऱ्या राखून, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन मोठं झालेलं असतं. त्याला चिऊताईची गोष्ट कशी पुरणार?

‘ही मुलं एवढी लांबलचक गोष्ट धरून बसणार नाहीत’ असं अधूनमधून ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यानं दिवाळीनंतर एकदा झाडीपट्टीत यावं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या दिवसांत गावोगावी नाटकं होतात, रात्री सुरू होतात आणि उजाडेपर्यंत चालतात. मंडपात पुढं बसलेली असतात ती पोरंच. कुणाचा बाप कोण, इस्टेट कुणी हडपली, खलनायकानं चिठ्ठी कुठं लपवली, हे सगळं सहावीतलं पोरगं पहाटे चार वाजताही बरोबर सांगतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. लांब गोष्ट धरून ठेवायचा सराव इथल्या मुलांना आहे. तो कानाचा आणि डोळ्याचा सराव आहे, तो पानावर आणायचा आहे.

नेहमीची यादी, इथून वाचलेली

‘श्यामची आई’ कोणत्याही यादीत पहिली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ साली ती पुस्तकरूपानं आली. कोकणातल्या गरिबाघरचं मूल, आई, कर्ज, मान-अपमान, हे सगळं इथं समजतं. समुद्र समजावून सांगावा लागतो. पण या पुस्तकाची खरी सोय त्याच्या बांधणीत आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. प्रकरणांची नावंच रात्रींची आहेत आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमशाळेत रात्रीचं जेवण आणि झोप यांच्या मध्ये जो रिकामा वेळ असतो, त्यात रोज एक रात्र मोठ्यानं वाचली तर दीड महिन्यात पुस्तक होतं. मुलांच्या हातात देऊन ‘वाचा’ म्हणण्यापेक्षा हे बरं, कारण गुरुजींची भाषा आता जड पडते. वाचून दाखवताना एका ठिकाणी मात्र थांबायला हवं. म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी उचलून दे, असं आई श्यामला सांगते, आणि मग अंघोळ करायलाही सांगते. या अंघोळीवर वर्गात बोलणं व्हायला हवं. सरपणाची मोळी इथल्या मुलांच्या आयाही आणतात.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर उडणारा. या मालिकेची वीस पुस्तकं आहेत. त्यात ‘जंगलपटात फास्टर फेणे’ही आहे. मालिका लांब असली की मुलाला एक मित्र सापडतो. पहिलं पुस्तक अडखळत वाचलेलं पोर तिसरं एका दिवसात संपवतं. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, धोका दर चार पानांनी. वाचनात मागं पडलेल्या सातवीच्या मुलासाठी यापेक्षा चांगला व्यायाम मराठीत नाही. उणीव एकच. फास्टर फेणे जिथं जातो तिथलं स्थानिक पोरगं फार तर त्याचा मदतनीस होतं. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ मुंबईच्या घरातला. त्याला २०११चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. यातला विनोद इथंही चालतो, कारण मोठ्या माणसांची फजिती सगळीकडे सारखीच. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ जुना झाला, त्यातली मध्यमवर्गी घरंही आता राहिली नाहीत. पण परक्या घरात राहून त्या घरालाच आपलंसं करणारा पोरका मुलगा वसतिगृहातल्या मुलाला जवळचा वाटू शकतो.

‘तोत्तोचान’ला कादंबरी म्हणावं की आठवणी, हा वाद बाजूला ठेवू. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१चं. चेतना सरदेशमुख यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टचा आहे आणि त्यामुळं स्वस्त. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. हे प्रकरण मुलांना आवडतंच. मुलांच्या आधी शिक्षकांनी वाचावं असं आहे. घरची भाषा वेगळी असल्यानं जे मूल वर्गात गप्प बसतं त्याचं चार तास ऐकायचं तर कोणत्या भाषेत, हा इथला पुढचा प्रश्न.

अलीकडच्या पुस्तकांसाठी साहित्य अकादमीच्या पुरस्कारांवरून नजर फिरवली तर वाट सापडते. ल. म. कडू यांची ‘खारीचा वाटा’ (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’ (२०२१), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२), भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४). आठ वर्षांत पाच कुमार कादंबऱ्या म्हणजे प्रकार संपलेला नाही, हे नक्की. तीही सगळी सहज वाचता येण्याजोगी पुस्तकं. जिल्ह्याच्या गावी पुस्तकाच्या दुकानात ती विचारली तर मात्र दुकानदार स्पर्धा परीक्षेच्या कपाटाकडे बोट दाखवतो.

रानाची पुस्तकं

विदर्भातल्या रानाबद्दल मराठीत चांगलं लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक कादंबरीच्या बाहेर. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले. पक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार म्हणावं, हे त्यांचंच. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांचं ‘रानवाटा’ किंवा ‘जंगलाचं देणं’ सातवीच्या मुलाला सलग नको, एकेक लेख द्यावा. आणि देताना उलटं काम सांगावं. यातल्या प्राण्या-पक्ष्यांना तुझ्या घरी काय म्हणतात ते समासात लिही. माडिया किंवा गोंडी येणारं मूल इथं वर्गातल्या बाकीच्यांच्या पुढं असतं.

भामरागडजवळच्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं काम १९७३च्या डिसेंबरात सुरू झालं. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयावर विलास मनोहर यांनी ‘नेगल’ लिहिलं. नेगल हे तिथल्या बिबट्याचं नाव. डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘रानमित्र’ही याच प्राण्यांबद्दल. दोन्ही पुस्तकं खरीखुरी, पण मुलं ती कादंबरीसारखीच वाचतात. प्राणी हेच पात्र, आणि पुढं काय झालं ही उत्सुकता संपत नाही. अनाथालयाची सुरुवात कशी झाली ही गोष्ट प्रसिद्ध आहे. माडिया शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं, आमट्यांनी ते मागून घेतलं. शहरातलं मूल हे वाचताना पिल्लाकडे बघतं. भामरागडचं मूल शिकाऱ्याकडेही बघतं, कारण तो त्याचा आजा असू शकतो आणि ती शिकार म्हणजे घरातलं जेवण. दोन्ही नजरांना वर्गात जागा मिळाली तर ही पुस्तकं इथं बाकी कुठंही वाचली जाणार नाहीत इतकी चांगली वाचली जातील.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांची छोटी कादंबरी. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टोळीचा म्होरक्या बदलतो तेव्हा काय होतं, हे माडगूळकर डोळे न मिटता सांगतात. नवा नर पिल्लं मारतो. म्हणून ती आठवीच्या अलीकडे नको. पण आठवीला जरूर द्यावी. पानं थोडी, वाक्यं कोरीव, आणि वानरं तर शाळेच्या कौलांवरच बसलेली असतात.

या भागातल्या मुलांसाठी मला सगळ्यात मोलाची वाटलेली दोन पुस्तकं मात्र अमेरिकेतून आलेली आहेत. पहिलं ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या, पुलित्झर मिळालेल्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. फ्लोरिडाच्या रानात एकटं घर करून राहणारं बॅक्स्टर कुटुंब, बाप पेनी, मुलगा ज्योडी. बापाला साप चावतो. विष उतरवायला तो एका हरिणीला मारून तिचं काळीज वापरतो, आणि तिचं पाडस ज्योडी घरी आणतो. पाडस मोठं होतं, कुंपण ओलांडून कोवळा मका खाऊ लागतं. वर्षाचं पोटाचं पीक तेवढंच. शेवटी त्याला मारावं लागतं, आणि ते ज्योडीला करावं लागतं.

ही गोष्ट पुण्यात वाचली की डोळ्यांत पाणी येतं. इथं ती वाचली की वाद होतो. चितळ, रोही, रानडुक्कर धानाच्या बांधीत उतरतात तेव्हा घरातलं कुणीतरी जागलीला जातं, कधी शाळेतलं पोरगंही जातं. नागभीडकडच्या एका शाळेत शेवटचं प्रकरण वाचून झाल्यावर वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “मारावंच लागते जी. नाही त खायाचं काय?” त्याच्या पुढं बसलेली मुलगी वळून म्हणाली, “पन त्याचं त पोरगंच होतं ना ते.” कादंबरी दोन वाक्यांत मांडून झाली होती. ‘पाडस’ जाडजूड आहे, मुलाच्या हातात एकदम दिलं तर दडपण येतं. शिक्षकानं अर्धं सत्र रोज दहा पानं वाचून दाखवावी. मधेच धीर सुटलेली दोन-तीन मुलं आठवड्याभरात पुस्तक घरी मागतील आणि पुढचं वाचून येतील.

दुसरं पुस्तक ‘रानातील प्रकाश’. कॉनरॅड रिक्टरच्या १९५३च्या कादंबरीचा जी. ए. कुलकर्णी यांनी केलेला अनुवाद. अठराव्या शतकातली अमेरिका. गोऱ्या आईबापांचा एक मुलगा चार वर्षांचा असताना रेड इंडियनांनी पळवून नेलेला, त्यांच्यातच वाढलेला. पंधराव्या वर्षी तहानुसार त्याला ‘घरी’ परत पाठवलं जातं. तिथले बूट पायाला बोचतात, छपराखाली श्वास कोंडतो, भाषा तोंडात वळत नाही. तो पळून परत रानात जातो. तिथंही एक वेळ अशी येते, की दोन्हीपैकी कुणाशीच पूर्ण इमान राखता येत नाही. शेवटी नदीच्या उतारावर पाळणारा बाप त्याला सोडून जातो. आश्रमशाळेत आल्यावर हजेरीपटावर वेगळंच नाव लागलेली, गणवेशात घट्ट झालेली, आणि पाच वर्षांनी गावच्या गोटुलात, म्हणजे गावातल्या पोरांच्या जमायच्या घरात, गेल्यावर तिथंही थोडी पाहुणी ठरलेली मुलं या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी हे पुस्तक मराठीत आहे, हे त्यांच्या शिक्षकांना माहीत असायला हवं. जीएंची भाषा सोपी नाही, म्हणून आठवीच्या वरच्या अंगाला, आणि सोबत कुणीतरी हवं.

या दोघांच्या शेजारी ‘एका कोळियाने’ ठेवावी. हेमिंग्वेच्या छोट्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद. समुद्र न पाहिलेली ढिवरांची मुलं मालगुजारी तलावावर बापाबरोबर डोंग्यात बसलेली असतात. मासा दोरीला ओढतो तेव्हा तळव्याचं काय होतं, ते त्यांना सांगावं लागत नाही.

शाळेच्या गोष्टी, आणि काय थोडं थांबवावं

आनंद यादवांची ‘झोंबी’ ही शाळेसाठी बापाशी, शेताशी, भुकेशी झुंजणाऱ्या मुलाची आत्मकथनात्मक कादंबरी. १९९० साली तिला साहित्य अकादमी मिळाली. पूर्ण पुस्तक मोठ्यांचं आहे. पण शाळा सुटते आणि मुलगा ती परत मिळवतो, एवढा भाग निवडून आठवीला वाचून दाखवावा. तेंदूपत्त्याच्या हंगामात, मे महिन्याच्या उन्हात, घरच्यांबरोबर पानं तोडणारी आणि पुढं शाळेत परत येतील की नाही याची खात्री नसलेली मुलं त्या आनंदाला लगेच ओळखतील. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन बेळगावकडचा, त्याचं मराठी कानडी वळणाचं. घरच्या बोलीचा वास असलेलं मराठीही छापलं जातं, हे झाडीबोलीच्या मुलाला दाखवायला याहून गोड पुस्तक नाही. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ नववीची आहे, नववीलाच द्यावी. त्यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे मात्र धानोरा तालुक्यातल्या खऱ्या गावाचं पुस्तक. ग्रामसभेनं रानावरचा हक्क कसा मिळवला ते त्यात आहे. कादंबरी नसली तरी यादीत हवी.

विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या वयासाठी नाही. पण तिचा विषय या वयापासून दूर आहे असं समजण्यात अर्थ नाही. बंदूक दोन्ही बाजूंनी पाहिलेली मुलं या जिल्ह्यात मोठी झाली. कुमार वाचकाला पेलेल अशा शब्दांत त्याबद्दल लिहिलेली मराठी कादंबरी माझ्या पाहण्यात नाही.

न लिहिलेल्या कादंबऱ्या

मोठ्यांसाठी इथला आवाज उमटला आहे. उषाकिरण आत्राम यांची कविता आहे, भुजंग मेश्राम यांचं ‘उलगुलान’ आहे, विनायक तुमराम यांचं ‘गोंडवन पेटले आहे’ आहे. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य घातलं. बारा-तेरा वर्षांच्या वाचकासाठी, जिची नायिका माडिया किंवा कोलाम मुलगी आहे अशी दीडशे पानांची कादंबरी मात्र हातात धरून दाखवता येत नाही.

ऐवज कमी आहे असं कुणी म्हणू नये. मोलमपल्लीचा बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, फासावर गेला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. शिवकाळावर मराठीत कुमारांसाठी कपाटभर पुस्तकं आहेत. शेडमाक्याबरोबर रानात निरोप पोचवणाऱ्या पोराची कादंबरी कुणी लिहील का? सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. प्राणहिता-गोदावरीच्या त्या खोऱ्यात डायनासोरची हाडं सापडली. बकऱ्या राखणाऱ्या पोरीला पायाखाली दगड झालेलं हाड सापडतं, ही कादंबरीची पहिली ओळ तयारच आहे. ताडोबाभोवती मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्याच वाघाला पाहायला मोहर्लीच्या फाटकातून जिप्सी आत जातात. एका घरातला भाऊ गाइड आणि आई मोहफुलं वेचणारी असेल, तर त्या घरातल्या आठवीच्या मुलाची गोष्ट सांगायला आणखी काय लागतं?

भाषेचा प्रश्न यातच आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर गोंडीतल्या छोट्या गोष्टी मोफत आहेत. पण लहानांच्या गोष्टीनंतर गोंडीतलं पुढचं पुस्तक कोणतं, तर थेट मोठ्यांचं. मधली पायरीच नाही. संवाद माडियात आणि निवेदन सोप्या मराठीत, अशा मिश्र कादंबरीला प्रकाशक घाबरतो. लंपनच्या तोंडची कानडी वळणं पुण्यानं आवडीनं वाचली, मग यालाच का घाबरावं?

पुस्तक पोचायचं कसं

यादी चांगली असून भागत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून पुस्तकांची पेटी मेमध्येच पोचायला हवी. जुलैत पाठवलेली पेटी कुठल्यातरी कार्यालयात पडून राहते. संख्याही पाहावी. एका पुस्तकाच्या एका प्रतीपेक्षा सहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती बऱ्या. पाच मुलं एकच गोष्ट एकाच आठवड्यात वाचतात तेव्हा जेवणाच्या रांगेतही तिच्यावर बोलणं होतं, आणि सहावं मूल मागं लागतं.

पैसे नसले तरी काही वाटा आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक २००८पासून नाममात्र किमतीत शाळांपर्यंत जातो. कादंबरीकडे जाण्याआधीची पायरी म्हणून दोन्ही उत्तम. गडचिरोली पोलिसांच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमानं आडगावांत खोल्या आणि कपाटं उभी राहिली आहेत. त्या कपाटांत परीक्षेच्या पुस्तकांशेजारी ‘पाडस’च्या दोन प्रती बसायला अडचण नसावी.

आता यादी एका दमात. सहावीला शिक्षकानं ‘तोत्तोचान’ वाचून दाखवावी, मुलांच्या हाती फास्टर फेणे आणि बोक्या द्यावा, आणि मोगलीची गोष्ट वैनगंगेच्या नकाशासह सांगावी. सातवीला ‘श्यामची आई’च्या निवडक रात्री, ‘गोट्या’, ‘जंगल खजिन्याचा शोध’, ‘समशेर आणि भूतबंगला’, आणि ‘नेगल’ किंवा ‘रानमित्र’. आठवीला ‘पाडस’ मोठ्यानं, ‘एका कोळियाने’ आणि ‘सत्तांतर’ एकट्यानं, ‘वनवास’ हसत-हसत, ‘रानातील प्रकाश’ कुणीतरी सोबत असताना. पंधरा पुस्तकंही होत नाहीत. तीन वर्षांत एवढी झाली तर खूप झालं.

आणि एक काम लेखकांची वाट न पाहता उद्याच करता येईल. किपलिंगचा तो गोंड वर्गात वाचून दाखवावा. तो बोलत नाही, वेल अडकवतो आणि रानात निघून जातो. मग मुलांना विचारावं, याचं नाव काय? कुणी लालसू म्हणेल, कुणी जुरू. मग विचारावं, तो परत गेला तो कोणत्या गावाला, घरी कोण वाट बघत होतं, आणि त्या गावातून वैनगंगा किती लांब. वहीत पहिली चार वाक्यं पडली की त्यांतली बोली तपासू नये.